तार्हेलियाची काठवट

फाबियोला आंद्रांगोच्या हाती पदवी आली तेव्हा तिच्या आईने गल्लीभर बिस्कोचो, म्हणजे आमच्याकडची खुसखुशीत बिस्किटं, वाटले आणि भेटेल त्याला सांगितलं, की माझी लेक आता इंजिनिअर. आमच्याकडे एक्वादोरात हे एक बरं आहे. पूल बांधणारा इंजिनिअर, गुलाबांना औषध मारायला सांगणारा इंजिनिअर, आणि माणसं कामावर कशी ठेवावीत हे शिकलेलाही इंजिनिअरच. एकदा पदवी मिळाली की माणसाचं नाव मागे पडतं. बायको सोडून सगळे त्याला इंजिनिअर म्हणतात, आणि काहींच्या बायकाही म्हणतात.

फाबियोलाच्या वाट्याला मात्र ती हाक आली नाही. कायांबे गावाबाहेर सांता ओब्दुलिया नावाचा गुलाबांचा मळा आहे, तिथे ती कामगार अधिकारी झाली. टेबल मिळालं, खिडकी मिळाली, खिडकीतून बर्फाचा डोंगर दिसायचा. पण वरच्या मजल्यावर जो तो तिला 'फाबियोलिता' म्हणायचा. फाबियोलिता, जरा हे बघ. फाबियोलिता, कॉफी झाली का गं. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. याच मळ्यात तिला रबरी एप्रन बांधून गुलाब तोडताना सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि एप्रन सोडला तरी तो लोकांच्या डोळ्यांतून उतरत नाही. राजधानीतून, कितोहून, कालपरवा आलेला, मिसरूड फुटलेला पोरगा पहिल्या दिवसापासून इंजिनिअर, आणि ती मात्र फाबियोलिता. हे तिला लागायचं. ती हसून साजरं करायची, पण लागायचं.

व्हॅलेंटाइनचा हंगाम संपला आणि मळ्यात कटकट सुरू झाली. तोडणीच्या चांगल्या चांगल्या बायका काम सोडून शेजारच्या मळ्यांवर जाऊ लागल्या. रशियाला गेलेला माल तक्रारींसकट परत येऊ लागला. दांड्या वाकड्या, कळ्या अर्धवट उमललेल्या. मळ्याचे व्यवस्थापक इंजिनिअर इतुर्राल्दे हे कितोचे, शिकलेले, स्वभावानेही वाईट नाहीत. त्यांनी फाबियोलाला वर बोलावलं आणि म्हणाले, तू खालपासून वरपर्यंत सगळीकडे फिर. कुणाला काय हवंय, कोण कशाने जोमाने काम करतं, ते मला येऊन सांग. तुला ते लोक मनातलं सांगतील, मला सांगणार नाहीत.

ते खरंच होतं, आणि फाबियोला खरंच फिरली. फिरता फिरता तिची चांगली करमणूकही झाली. मुकादमांना पगारवाढ हवी असेल असं तिला वाटलं होतं. त्यांना हवा होता कमरेला लावायचा वॉकीटॉकी. सेगुंदो नावाच्या मुकादमाने तर सांगितलं, की बंद पडलेला दिला तरी चालेल, पण कमरेला दिसला पाहिजे. औषधं सांगणाऱ्या इंजिनिअरांना हवं होतं, की रशियाला जाणाऱ्या पत्रात खाली त्यांचं नाव असावं. खुद्द इतुर्राल्देंना काय हवंय ते कुणी न सांगताही कळत होतं. मालकांच्या हवेलीतल्या रविवारच्या जेवणाचं आमंत्रण आलं की त्यांची चालच बदलायची. जो तो आपल्या वरच्याकडे तोंड करून उभा, आणि वरच्याने एकदा वळून बघावं एवढीच प्रत्येकाची भूक. फाबियोला हे सगळं ओळखून होती आणि मनात हसत होती. आपण स्वतः कुठे तोंड करून उभ्या आहोत हे तेवढं तिला दिसत नव्हतं.

राहिल्या तोडणीच्या बायका. त्यांना काय हवंय हे तिला विचारायचीही गरज नव्हती.

पूर्वी मळ्यात प्रत्येक बाईचे वाफे ठरलेले असत. तेच वाफे वर्षानुवर्षं. बाई त्या वाफ्यांची छाटणी करायची, तण काढायची, तोडणी करायची, त्यांच्याशी बोलायचीसुद्धा. वाफ्याच्या टोकाला लाल फीत बांधलेली असायची, वाफ्याला कुणी पोराचं नाव देई, कुणी मेलेल्या आईचं. इतुर्राल्दे आले आणि त्यांनी ते मोडलं. एकाच वाफ्यावर बाई सुस्तावते असं त्यांनी कुठेतरी शिकलेलं होतं. आता रोज सकाळी मुकादम सांगेल त्या वाफ्यावर जायचं. फिती सोडून टाकल्या. दुसरीने काल छाटलेलं झाड आज आपण तोडायचं, उद्या तिसरीने. मग कुणाची कळी आणि कुणाची दांडी? बायका हात चालवायच्या, पण जीव लावणं त्यांनी सोडलं.

हे सगळं घेऊन तार्हेलिया कुआस्कोता आली. तार्हेलिया म्हणजे मळ्यातली सगळ्यात जुनी तोडणीवाली. फाबियोला विशीत मळ्यावर आली तेव्हा कात्री कुठे धरायची हे तिनेच शिकवलं होतं. पुढे तार्हेलियाच्या धाकट्या लेकीला, इनेसला, बाप्तिस्म्याच्या वेळी फाबियोलाने हातांवर धरलं, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीच्या वरचं मानतात, कारण बहीण काही आपण निवडत नाही.

शनिवारी दुपारी तार्हेलिया आणि तिच्याबरोबर पॉलिहाऊसातल्या चार-पाच जणी फाबियोलाच्या खोलीत आल्या. अंगात भरतकामाचे सणाचे झगे, डोक्यावर हॅट. दोघींनी मिळून एक मोठी काठवट धरली होती, वर पांढरंशुभ्र कापड. त्यांनी ती टेबलावर ठेवली तेव्हा फाबियोलाला कळलं, की हे मेदियानो आहे.

मेदियानो कुणी उगाच आणत नाही. मुलीला मागणी घालायची असेल, शेताचं भांडण मिटवायचं असेल, कुणाकडे मोठं काम असेल तेव्हाच ते न्यायचं. काठवटीत उकडलेले बटाटे रचायचे, त्यांवर अंडी, कोंबडी, आणि सगळ्यांवर चुलीपाशी वाढवलेले कुई, म्हणजे गिनीपिग, कातडीसकट खरपूस भाजलेले. सोबत चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा घडा. समोरच्याला काम करायचं नसेल तर त्याने कापडाला हात लावायचा नाही. त्यात अपमान होत नाही, माणसं काठवट उचलून परत जातात. पण कापड उचललं आणि एक घास खाल्ला, की मग नाही म्हणायची सोय उरत नाही.

तार्हेलियाने हॅट काढून हातात घेतली.

"कोमाद्रे," ती म्हणाली, "आमचे वाफे आम्हाला परत दे. बाकी काही नको. तू वर जाऊन सांग, तुझं ते ऐकतील."

फाबियोलाने कापड उचललं. एक अंडं सोललं, मीठ लावलं आणि सगळ्यांच्या देखत खाल्लं. बायकांचे चेहरे एकदम सैल झाले. तार्हेलियाने तिच्या गालावर हात ठेवला आणि सगळ्या परत गेल्या. त्या क्षणी फाबियोलाच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे सांगायला हवं. उलट तिला एक नामी युक्ती सुचली होती. एवढी काठवट एकटीने थोडीच खायची? ती वर न्यायची, इतुर्राल्देंच्या टेबलावर ठेवायची. त्यांनीही खाल्लं की तेही बांधले जातील. घास घेऊन झाला की सांगायचं, इंजिनिअर, हे बायकांनी आणलंय आणि त्यांचं मागणं असं आहे. अशी युक्ती फक्त कायांबेच्या माणसाला सुचावी. कितोच्या माणसासाठी काठवट म्हणजे फक्त जेवण, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

शिपायाला हाताशी घेऊन तिने काठवट वर नेली. इतुर्राल्दे होते, औषधांचे दोन इंजिनिअर होते, सगळे भुकेलेले. कुईचा वास आल्यावर कागद बाजूला सरले. इतुर्राल्देंनी कुईची तंगडी मोडली, चावली आणि डोळे मिटले. लहानपणी आजीकडे असा कुई खाल्ला होता, म्हणाले, त्यानंतर आजच. मग बोटं चाटत त्यांनी फाबियोलाकडे पाहिलं.

"हे तुम्ही केलंत? काय हात आहे तुमचा, इंजिनिअर."

तोंड उघडायचं ते इथेच. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. पण तिच्या कानात तो एक शब्द शिरला आणि बाकी सगळं बंद झालं. इंजिनिअर. 'तू'चं 'तुम्ही' झालं होतं. आणि टेबलाभोवतीच्या इतरांनीही माना वळवून तिच्याकडे पाहिलं, जणू आजच ती खोलीत आली होती. फाबियोला हसली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही, नुसती लाजल्यासारखी हसली आणि बटाट्यांची थाळी पुढे सरकवली. जेवणं होईपर्यंत तिला आणखी दोनदा इंजिनिअर म्हटलं गेलं.

सोमवारी सांगू, असं तिने ठरवलं. सोमवारी बैठक होती, तिथे तिने सगळ्यांबद्दल नीटनेटकं सांगितलं. वॉकीटॉकी ऐकून इतुर्राल्दे खो-खो हसले आणि लगेच मागवतो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणि तोडणीच्या बायका, इंजिनिअर?"

आता वाफ्यांचं काढायचं म्हणजे यांची पद्धत चुकली असं यांच्याच तोंडावर सांगायचं. आणि मग ते कुई कुठून आले तेही सांगायचं. फाबियोलाने कागद उलटासुलटा केला आणि म्हणाली, की बायका तशा समाधानी आहेत, मातृदिनाला त्यांच्यासाठी मिक्सरची सोडत ठेवली तर आनंद होईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. हे बोलताना आपला आवाज अगदी स्वच्छ येत होता, हे तिला पुढे किती दिवस छळत राहिलं.

मेदियानो दिल्यावर काम कुठवर आलं असं विचारायचं नसतं. त्यामुळे कुणी विचारलं नाही. तार्हेलिया फाटकाशी दिसली की नुसती मान हलवायची आणि वाट बघायची. बाकीच्या बायका पॉलिहाऊसच्या दारात उभ्या राहून फाबियोलाकडे आशेने बघायच्या. फाबियोला पॅकिंगच्या शेडमागून जायला लागली. तिथे खताचे ढीग होते, बूट भरायचे, पण कुणी भेटत नसे. घरी आल्यावर ती बूट धूत बसायची आणि आईने काय झालं विचारलं तर चिखल म्हणायची.

मातृदिनाच्या आदल्या दिवशी मळ्याच्या अंगणात मांडव घातला. गाणी झाली, फुगे झाले, मिक्सर खोक्यात मांडून ठेवले. मुकादम कमरेवर हात ठेवून फिरत होते म्हणजे वॉकीटॉकी दिसावा. इतुर्राल्दे माइकवर आले. आयांविषयी चांगलं बोलले. मग त्यांना उत्साह आला, आणि उत्साह आला की साहेबलोक जे करू नये ते करतात, कौतुक करतात.

"आणि ही सोडत ज्यांनी सुचवली," ते म्हणाले, "त्या आपल्या इंजिनिअर फाबियोला. नुसत्या हुशार नाहीत. त्यांनी स्वतःच्या हाताने भाजलेले कुई आम्हाला खाऊ घातले, ते आम्ही अजून विसरलो नाही. टाळ्या होऊ द्या."

मुकादमांनी टाळ्या वाजवल्या. पॅकिंगच्या पोरींनी वाजवल्या. पुढच्या रांगेत, सणाचे तेच झगे घालून, तार्हेलिया आणि त्या चार-पाच जणी बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्याजणी खाली बघू लागल्या. जणू लाजेचं काम त्यांनीच केलं होतं. फाबियोलाला वाटलं, कुणी उठून चार शिव्या द्याव्यात. कुणीच उठलं नाही. सोडतीत तार्हेलियाच्या शेजारणीला मिक्सर लागला, ती तो घेऊन आली आणि पायाशी ठेवून पुन्हा खाली बघत बसली.

गावात गोष्ट संध्याकाळपर्यंत पोचली. आई स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती. ती एवढंच म्हणाली, की मी तार्हेलियाकडून दूध आणते, आता त्या दारावर कोणत्या तोंडाने जाऊ ते सांग. लाज अशी असते, की ती बाहेरच्यांसमोर एकवेळ झेलता येते, पण आईची पाठ बघवत नाही. भिंतीवर चौकटीतली पदवी होती. तिच्याकडे न बघता ती खोलीत गेली.

रविवारी तिने शेजारून कुई आणले, स्वतः साफ केले, स्वतः भाजले. दोन-तीन करपले. बटाटे रचले, अंडी ठेवली आणि तार्हेलियाच्याच काठवटीत, तार्हेलियाच्याच कापडाखाली सगळं घेऊन चढावरच्या तिच्या घरी गेली. तार्हेलिया गाईपाशी होती. काठवट पाहून ती उठली, हात पुसले, पण कापडाला हात लावला नाही.

"हे कशासाठी?"

"माफ कर, कोमाद्रे."

"माफी मागायला मेदियानो लागत नाही. ती तशीच मागतात." तार्हेलियाचा आवाज चढला नव्हता. "आमचं खाल्लंस. ते अजून तुझ्या पोटात आहे. त्यावर दुसरं आणून ठेवलंस म्हणजे पहिलं फिटतं होय गं? आणि खाल्लंस ते खाल्लंस, आम्ही केलेलं आमचं राहू द्यायचं होतंस. माझ्या इनेसने ते कुई वाढवले होते. रोज गवत कापून आणायची पोर."

फाबियोला रडायला लागली. तार्हेलियाने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "ने ती काठवट. काम कर, मग आण."

सोमवारी फाबियोला वर गेली. इतुर्राल्दे फोनवर होते, खुर्ची दाखवली, ती बसली नाही. फोन संपल्यावर ती म्हणाली, की ते कुई मी भाजले नव्हते.

"मग?"

तिने सगळं सांगितलं. काठवट कुणी आणली, का आणली, कापड उचलण्याचा अर्थ काय, आणि बायकांना मिक्सर नको होता, वाफे हवे होते. इतुर्राल्दे आधी हसले. "अगं पण मला काय ठाऊक, खाल्लं की बांधला जातो म्हणून?"

"तुम्हाला नव्हतं. मला ठाऊक होतं."

"तेव्हाच का नाही बोललीस, फाबियोलिता?"

"तुम्ही मला इंजिनिअर म्हणालात," ती म्हणाली. "तुम्ही विचारलं होतं ना, कोण कशाने हलतं. मी सगळ्यांचं सांगितलं. माझं राहिलं होतं."

इतुर्राल्देंनी टेबलावरचा रशियाहून आलेला नवा तक्रारीचा कागद पालथा घातला. त्यांना नेमकं काय वाटलं ते सांगता येणार नाही. कदाचित हवेलीतलं रविवारचं जेवण आठवलं असेल. आपली पद्धत चुकली असं ते म्हणाले नाहीत, तसं कुठलाच इंजिनिअर म्हणत नाही. ते म्हणाले, तार्हेलियाच्या पॉलिहाऊसात जुनं परत करून बघू, तेवढ्यापुरतंच, जमलं तर पुढचं पुढे. "आणि पुन्हा असं करू नकोस, फाबियोलिता." ती बरं म्हणाली आणि जिना उतरली. गेलेला शब्द गेला होता, आणि गंमत म्हणजे त्याचं तिला काहीच वाटलं नाही.

जूनअखेरीस, सान पेद्रोच्या सणाच्या सुमारास त्या पॉलिहाऊसात पुन्हा लाल फिती दिसू लागल्या. दांड्या सरळ झाल्या की नाही ते रशियाला ठाऊक, पण बायका वाफ्यांशी बोलायला लागल्या एवढं खरं. मग फाबियोलाने पुन्हा कुई भाजले. या वेळी एकही करपला नाही. जेवणाच्या सुट्टीत ती काठवट घेऊन पॉलिहाऊसामागच्या गवतावर गेली. तार्हेलियाने कापड उचललं, जमिनीवर पसरलं आणि त्यावर बटाटे, अंडी, कुई ओतले. बायका भोवती मांड्या घालून बसल्या. आमच्याकडे असंच खातात, एका कापडावरून, हाताने, आणि आपल्या पुढचं उचलून शेजारणीला देत.

फाबियोलाने चप्पल काढली आणि पूर्वी बसायची तिथे, तार्हेलियाच्या उजव्या बाजूला, बसायला वाकली. तेवढ्यात कुणीतरी शेडमधून प्लास्टिकची खुर्ची आणली. तार्हेलियाने ती आपल्या एप्रनने पुसली, पाठीवरून, हातांवरून, अगदी नीट. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. टोमणाही नव्हता. काम झालं होतं, हिशेब फिटला होता.

"तुम्ही इथे बसा, इंजिनिअर," ती म्हणाली. "खाली गवत ओलं आहे."

मग तिने एका वेगळ्या ताटलीत कुईचा सगळ्यात चांगला तुकडा वाढला आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला. फाबियोलाने चप्पल पुन्हा घातली. ती खुर्चीवर बसली, ताटली मांडीवर घेतली आणि खाली कापडाभोवती बायकांचं हसणंबोलणं चालू असताना एकटीच खाऊ लागली.